एका ओळींत अनेक नांवें

सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर, कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशीं, चिपळूण तालुक्यांत पोफळी नांवाचें गांव आहे. कोंकणांत सुपारीच्या झाडास पोफळ अथवा पोफळी म्हणतात, तेव्हां गांवाच्या नांवाचा अर्थ तेथील माणसास सांगावा लागत नाहीं. परंतु हें नांव महाराष्ट्रांत सर्वदूर पोंचलें तें सुपारीमुळें नव्हे, विजेमुळें. घाटमाथ्यापलीकडे कोयना नदी अडवून जो शिवसागर जलाशय झाला आहे, त्याचें पाणी डोंगराच्या पोटांतील बोगद्यांतून पश्चिमेकडे वळविलें आहे, आणि तें खालीं आणून त्याच्या जोरावर पोफळीच्या भूमिगत वीजगृहांतील जनित्रें फिरविलीं जातात. १९६२ सालीं येथें वीज निघूं लागली. पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्याचीं मिळून आठ जनित्रें ह्या एका गुहेवजा वीजगृहांत बसविलेलीं आहेत. काम आटोपलेलें पाणी पुढें वाशिष्ठी नदीस जाऊन मिळतें.

ह्याच परिसरानें जगास आणखी एक गोष्ट दिली, आणि ती देतांना फार मोठें मोल घेतलें. ११ डिसेंबर १९६७ रोजीं पहाटे चार वाजून गेल्यावर कोयनेस भूकंपाचा मोठा धक्का बसला. कोयनानगर मोडून पडलें. दीडशेंहून अधिक माणसें मृत्युमुखीं पडलीं. धक्का मुंबई-पुण्यापर्यंत जाणवला. धरणाच्या भिंतीस वरच्या भागांत आडव्या भेगा गेल्या, पण भिंत उभी राहिली. त्या भिंतीच्या आंत बसविलेलें एक त्वरणमापक यंत्र त्या काळोखांत आपलें काम मुकाट्यानें करीत होतें. त्यानें टिपलेली नोंद धरण बांधणाऱ्या शास्त्रज्ञांनीं पुढें जगभर अभ्यासिली. ह्या नोंदींत एक आंकडा नाहीं, तीन आहेत. भिंतीच्या लांबीच्या दिशेनें हादऱ्याचें सर्वांत अधिक त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या ०.६३ पट, नदीच्या प्रवाहाच्या दिशेनें ०.४९ पट, आणि उभ्या दिशेनें ०.३४ पट.

हे तीन आंकडे मिळून एक नोंद होते. जमीन एकाच दिशेनें हलत नाहीं. ती पुढेंमागें, डावीउजवीकडे आणि वरखालीं अशी एकदमच हलते. म्हणून भूकंपमापनाच्या केंद्रावर परस्परांशीं काटकोनांत असलेल्या तीन दिशांची नोंद ठेवितात. तिन्हींपैकीं एक दिशा हरवली, तर उरलेल्या दोहोंवरून बांधलेलें अनुमान पांगळें होतें. आणि कोणती दिशा हरवली हें जर कळलेंच नाहीं, तर तें अनुमान नुसतें पांगळें नव्हे, धोक्याचेंहि होतें. ज्या धरणाखालीं माणसें झोंपतात त्याच्या हिशेबांत असा धोका कोणास परवडणार?

आजचा अभ्यासक अशी नोंद मिळविण्यासाठीं एखाद्या संग्रहालयांत जाऊन कपाट उघडीत नाहीं. तो आपल्या टेबलाशीं बसून दूर देशींच्या संग्रहास इंटरनेटवरून विचारतो. हें विचारणें एका ओळीनें होतें. तिला वेबचा पत्ता, म्हणजे यूआरएल, म्हणतात. आजच्या भाषणाचा विषय वरवर पाहतां अगदीं लहान आहे: त्या एका ओळींत एक वस्तु मागणें सोपें, पण तीन वस्तूंची यादी मागावयाची झाली तर ती कशी लिहावी? प्रश्न इवलासा दिसतो, परंतु वेब सुरू होऊन तीस वर्षें उलटून गेलीं तरी त्याचें एकच एक, सर्वमान्य उत्तर अद्याप ठरलेलें नाहीं.

प्रथम ही ओळ कशी असते तें पाहिलें पाहिजे. पत्त्याच्या पहिल्या भागांत कोणाच्या घरीं जावयाचें आणि त्या घरांतील कोणत्या खोलींत, हें सांगितलेलें असतें. त्यापुढें प्रश्नचिन्ह येतें. प्रश्नचिन्हाच्या पुढचा भाग म्हणजे आपली पृच्छा. ती बहुधा जोड्यांनीं लिहितात. जोडीच्या डाव्या बाजूस नांव, मध्यें बरोबरीचें चिन्ह आणि उजव्या बाजूस मूल्य. एक जोडी संपून दुसरी सुरू होतांना मध्यें इंग्रजीत 'आणि' ह्या अर्थीं वापरतात तें वळणदार चिन्ह, अँपरसँड, घालतात. उदाहरणार्थ, 'नोंद?गांव=पोफळी&दिशा=उभी' अशी ओळ गेली म्हणजे पलीकडील यंत्र समजतें कीं पोफळी येथील, उभ्या दिशेची नोंद हवी आहे. दुकानदाराकडे मुलाच्या हातीं चिठ्ठी पाठवावी तसाच हा प्रकार. फरक इतकाच कीं दुकानदार चिठ्ठी वाचतांना डोकें चालवितो. यंत्र तें चालवीत नाहीं. चिठ्ठींत 'गूळ तांदूळ मीठ' असें विरामचिन्हांवांचून लिहिलें तरी वाणी तीन पुड्या बांधतो. यंत्र मात्र 'गूळ तांदूळ मीठ' ह्या नांवाची एकच वस्तु शोधूं लागेल, आणि ती न मिळाल्यानें रिकाम्या हातांनीं परत पाठवील.

टिम बर्नर्स-ली ह्यांनीं १९८९ सालीं स्वित्झर्लंडमधील सर्न ह्या संशोधनसंस्थेंत वेबची कल्पना मांडली. पत्ता कसा लिहावा ह्याचे नियम डिसेंबर १९९४ मध्यें प्रसिद्ध झाले, आणि त्यांची सुधारलेली आवृत्ति जानेवारी २००५ मध्यें आली; तीच आजहि प्रमाण मानतात. त्या नियमांत कोणतीं चिन्हें राखीव हें सांगितलें आहे. नांव-मूल्याच्या जोड्यांच्या रूढीचा ओझरता उल्लेखहि आहे. परंतु एका नांवास अनेक मूल्यें असतील तर तीं कशीं लिहावीं ह्याविषयीं नियम घालून दिलेला नाहीं. जेथें नियम मुका असतो तेथें रूढि बोलूं लागते, आणि रूढि एक नसते, अनेक असतात.

पहिली रूढि सर्वांत जुनी आणि साधी आहे. तींत नांव पुनःपुन्हां लिहितात: 'दिशा=उभी&दिशा=उत्तर&दिशा=पूर्व'. वेबवरील फॉर्मांत चौकटींवर खुणा करावयाच्या असतात त्या ठिकाणीं हीच रीत चालते. एकाच नांवाच्या तीन चौकटींवर खूण केली कीं ब्राउझर तें नांव तीनदां लिहून पाठवितो. ही पद्धत १९९५ सालच्या एचटीएमएलच्या नियमांइतकी जुनी आहे. हजेरी घेतांना गुरुजी प्रत्येक मुलाचें नांव वेगळें पुकारतात, तसें हें आहे. त्यांत घोंटाळ्यास जागा थोडी. पण पाल्हाळ फार.

दुसरी रूढि स्वल्पविरामाची. नांव एकदांच लिहावयाचें आणि मूल्यें स्वल्पविरामांनीं जोडावयाचीं: 'दिशा=उभी,उत्तर,पूर्व'. ही ओळ आटोपशीर दिसते आणि माणसास वाचावयास सोपी जाते. कोठें स्वल्पविरामाऐवजीं उभी रेघ घालतात, कोठें रिकामी जागा.

तिसरी रूढि चौकटी कंसांची. नांवापुढें रिकामा कंस लिहून 'हें नांव यादीचें आहे' अशी आगाऊ वर्दी द्यावयाची आणि मग नांव पुनःपुन्हां लिहावयाचें. पीएचपी नांवाच्या संगणकभाषेनें ही रीत फार लोकप्रिय केली. तिच्यांत एक तांत्रिक खोंच आहे: २००५ च्या नियमांप्रमाणें चौकटी कंस पृच्छेच्या भागांत उघडा लिहितां येत नाहीं, तो सांकेतिक रूपांत लिहावा लागतो. बहुतेक यंत्रें उघडा कंसहि चालवून घेतात, पण काटेकोर यंत्र तो नाकारूं शकतें.

चौथी रूढि म्हणजे सबंध यादीस एखाद्या ठराविक रचनेंत, बहुधा जेसन नांवाच्या, बांधून तें गांठोडें एकच मूल्य म्हणून पाठविणें. यादींत यादी असेल तेव्हां ही उपयोगी पडते. परंतु तींतील कंस, अवतरणचिन्हें इत्यादि सांकेतिक रूपांत लिहावीं लागत असल्यानें ओळ डोळ्यांनीं वाचण्यासारखी राहत नाहीं.

चार रीती आहेत, चारी चालतात. मग अडचण कोठें? अडचण रीतींत नाहीं, अनुमानांत आहे. लिहिणारा एक रीत मनांत धरतो आणि वाचणारा दुसरी. समजा, अभ्यासकानें पहिल्या रूढीप्रमाणें दिशा तीनदां लिहून पाठविली. पलीकडे पीएचपी असेल, आणि कंसांची वर्दी नसेल, तर तें शेवटचें मूल्य तेवढें ठेवतें. अगोदरचीं दोन त्याच्या खालीं पुसलीं जातात. पलीकडे जावाची सर्व्हलेट नांवाची पद्धत असेल, आणि लिहिणाऱ्यानें एकच मूल्य देणारी साधी मागणी वापरली असेल, तर पहिलें मूल्य तेवढें हातीं येतें. मायक्रोसॉफ्टच्या एएसपी ह्या पद्धतींत तिन्ही मूल्यें स्वल्पविरामांनीं जोडून एकच लांब मूल्य तयार होतें. ओळ एकच, तीन वाचक, तीन अर्थ. आणि ह्या तिघांपैकीं एकहि 'चूक झाली' म्हणून ओरडत नाहीं. अभ्यासकास एका दिशेची नोंद मिळते. ती खरीच असते, स्वच्छ असते. फक्त अपुरी असते. खोटी वस्तु लवकर पकडली जाते. अपुरी वस्तु पुरी म्हणून हातीं पडली तर ती ओळखणें कठीण असतें.

ह्या मतभेदाचा दुष्टांनींहि उपयोग करून घेतला आहे. २००९ सालीं लुका कारेत्तोनी आणि स्तेफानो दि पाओला ह्या इटालियन संशोधकांनीं दाखवून दिलें कीं एकच नांव मुद्दाम दोनदां लिहून पहारेकऱ्यास चकवितां येतें. वेबच्या दाराशीं एक यंत्र तपासणीस बसविलेलें असतें आणि आंत काम करणारें यंत्र दुसरें असतें. तपासणीस पहिलें मूल्य पाहून 'ठीक आहे' म्हणतो. आंतील यंत्र शेवटचें मूल्य उचलतें. आणि त्या शेवटच्या मूल्यांतच विष असतें. १९९९ च्या एचटीएमएलच्या नियमपत्रांत अशी शिफारस होती कीं जोड्यांच्या मध्यें अँपरसँडऐवजीं अर्धविराम आला तरी सर्व्हरनें तो स्वीकारावा. सोय म्हणून सुचविलेली ही गोष्ट पुढें अंगाशीं आली. मध्यस्थ यंत्र अर्धविरामास साधें अक्षर समजे आणि आंतील यंत्र त्यास विभाजक समजे. ह्या फटींतून खोटीं उत्तरें सांठवून ठेवून इतरांच्या माथीं मारणें शक्य झालें. अखेर २०२१ सालीं पायथन ह्या संगणकभाषेनें आपली रीत बदलून दोन्ही विभाजक एकदम मानणें बंद केलें. एका अर्धविरामानें इतकें घडावें ह्याचें आश्चर्य वाटेल. पण मोडी दस्तऐवजांतील एका फाट्याच्या वाचनावरून जमिनीचे दावे पिढ्यान्‌पिढ्या चालणें ज्या देशास अपरिचित नाहीं, त्या देशांतील श्रोत्यांस तें फारसें वाटूं नये.

आतां स्वल्पविरामाच्या रीतींतील अडचण पाहूं गेल्यास ती निराळी आहे. मूल्यांतच स्वल्पविराम असेल तर काय करावें? कोणी 'पोफळी, तालुका चिपळूण' आणि 'अलोरे, तालुका चिपळूण' अशीं दोन ठिकाणें मागितलीं, आणि यादी स्वल्पविरामांनीं जोडली, तर वाचणाऱ्यास दोन नव्हे, चार ठिकाणें दिसतील. त्यांत 'तालुका चिपळूण' हें दोनदां येईल. ह्यावर नियमग्रंथानें उपाय सांगितलेला आहे. जें चिन्ह राखीव आहे पण आपणांस साध्या अक्षरासारखें वापरावयाचें आहे, तें टक्क्याचें चिन्ह आणि त्यापुढें दोन सांकेतिक अक्षरें अशा रूपांत लिहावें. म्हणजे विभागणारा स्वल्पविराम उघडा राहील आणि नांवांतील स्वल्पविराम बुरखा घेऊन जाईल.

उपाय उत्तम, पण तो सफल होण्यास वाचणाऱ्यानें एक क्रम पाळला पाहिजे. प्रथम उघड्या स्वल्पविरामांपाशीं ओळ तोडावी, आणि तुकडे वेगळे झाल्यानंतरच प्रत्येक तुकड्यांतील बुरखे काढावे. २००५ च्या नियमांतहि स्पष्ट सांगितलें आहे कीं भाग वेगळे केल्यावरच संकेत उलगडावे. व्यवहारांत बहुतेक ठिकाणीं ह्याच्या उलट होतें. सर्व्हरवरील तयार साधनें आरंभींच सगळे संकेत उलगडून मूल्य हातीं देतात, आणि मग प्रोग्रॅम लिहिणारा त्यांतील स्वल्पविरामांवर तें तोडतो. त्या वेळीं बुरख्यांतला स्वल्पविराम आणि उघडा स्वल्पविराम एकसारखेच दिसतात. टपाल वाटण्यापूर्वींच सगळीं पाकिटें फोडून कागदांचा ढीग केला, तर कोणता कागद कोणाचा हें जसें सांगतां येणार नाहीं, तसेंच हें. आधीं वांटणी, मग पाकीट फोडणें, हाच शहाणपणाचा क्रम होय. एकदां उलगडलेलें पुन्हां उलगडणें हाहि असाच अपराध आहे. त्यानें नांवांतील खरें टक्क्याचें चिन्हहि संकेत समजून गिळलें जातें.

मराठी वाचकांस ह्या संकेताचा भार इतरांहून अधिक पडतो. पत्त्याच्या ओळींत मूळचीं फक्त कांहीं इंग्रजी अक्षरें, अंक आणि थोडीं चिन्हें ह्यांसच प्रवेश आहे. देवनागरीचें प्रत्येक चिन्ह आजच्या सर्वमान्य युनिकोडच्या यूटीएफ-८ ह्या रीतीनें तीन बाइटांत मावतें, आणि प्रत्येक बाइट टक्क्याच्या चिन्हासह तीन अक्षरांत लिहावें लागतें. म्हणजे आपल्या एका चिन्हास नऊ अक्षरें. 'पोफळी' ह्या शब्दांत प, ओकाराची मात्रा, फ, ळ आणि दीर्घ वेलांटी अशीं पांच चिन्हें आहेत. तेव्हां बोलतांना तीन अक्षरांचें हें गांव पत्त्याच्या ओळींत ४५ अक्षरांची जागा अडवितें. ब्राउझर पडद्यावर बहुधा 'पोफळी' असेंच दाखवितो, म्हणून ही गोष्ट डोळ्यांस दिसत नाहीं. परंतु तीच ओळ नकलून एखाद्या पत्रांत चिकटविली कीं टक्क्यांची ती लांबलचक माळ बाहेर पडते आणि पाहणारा गोंधळतो.

ओळीच्या लांबीसहि मर्यादा आहे. इंटरनेट एक्सप्लोरर हा ब्राउझर प्रचारांत होता त्या काळीं तो २०८३ अक्षरांपुढें पत्ता स्वीकारीत नसे. जून २०१४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या नियमांनीं अशी शिफारस केली कीं विनंतीची ओळ निदान ८००० बाइटांपर्यंत तरी सर्वांनीं चालवावी. पोफळीसारख्या लांबीचीं गांवें स्वल्पविराम धरून प्रत्येकीं ४६ अक्षरें घेतात. तेव्हां ८००० च्या ओळींत पावणेदोनशेंहि गांवें बसत नाहींत. उलट २०११ च्या जनगणनेंत प्रत्येक गांवास सहा अंकांचा क्रमांक दिलेला आहे. नांवाऐवजीं तो क्रमांक लिहिला तर स्वल्पविरामासह सातच अक्षरें लागतात, आणि तेवढ्याच ओळींत अकराशेंहून अधिक गांवें मावतात. शिवाय क्रमांकांत स्वल्पविराम येण्याचा संभव नाहीं, पोफळी लिहितांना ऱ्हस्वदीर्घाचा घोंटाळा होण्याचाहि संभव नाहीं. नांव माणसासाठीं ठेवावें, क्रमांक यंत्रासाठीं. ही वांटणी बहुतेक ठिकाणीं हिताची ठरते.

याहून सूक्ष्म अडचण रिकाम्या यादीची आहे. तीन दिशा मागणें कळलें. पण एकहि दिशा नको असेल तर ती गोष्ट कशी लिहावी? पहिल्या रूढींत रिकामी यादी म्हणजे नांवच नाहीं. नांव नसलें म्हणजे 'कांहींच नको' असा अर्थ घ्यावा, कीं 'अट घातली नाहीं, सर्वच द्या' असा? दोन्ही अर्थ प्रचारांत आहेत. नोंद मागतांना चूक झाली तर फार तर ढीगभर कागद घरीं येतील. पण समजा, ओळ नोंदी मागण्याची नसून नोंदी काढून टाकण्याची आहे. निवडलेल्या नोंदी काढावयाच्या, आणि निवड चुकून रिकामी राहिली. वाचणाऱ्यानें रिकाम्या यादीचा अर्थ 'सर्व' असा केला, तर एका कोऱ्या जागेनें सगळें दप्तर साफ होईल. म्हणून विचारी माणसें असा नियम करतात कीं रिकामी यादी आली असतां यंत्रानें तर्क करूं नये. थांबावें आणि विचारावें. 'सर्व' हवें असेल तर तें शब्दानें मागावें, मौनानें नव्हे.

भूकंपशास्त्रज्ञांनीं ह्या बाबतींत जो मार्ग काढला आहे तो अनुकरणीय आहे. अंकीय भूकंपमापन करणाऱ्या जाळ्यांचा एक आंतरराष्ट्रीय संघ आहे. निरनिराळ्या देशांतील संग्रहांस एकाच भाषेंत विचारतां यावें म्हणून त्यानें वेबवरील पृच्छेचे लेखी नियम ठरविले. जाळें, केंद्र, जागा आणि दिशा ह्या चार बाबतींत यादी लिहितां येईल, आणि ती स्वल्पविरामांनींच लिहावी, असें त्यांत सांगितलें आहे. हीं सर्व मूल्यें ठरीव, आंखूड संकेताक्षरें असल्यामुळें त्यांत स्वल्पविराम येण्याचा प्रश्नच उरत नाहीं. एखाद्या संकेतांतील एका अक्षराची जागा मोकळी सोडावयाची असेल तर प्रश्नचिन्ह, आणि कितीहि अक्षरांची सोडावयाची असेल तर तारका. जागेचा संकेत कोराच असेल तर तो कोरा न ठेवतां दोन आडव्या रेघा काढाव्या. म्हणजे मौनास अर्थ लावण्याची पाळी येत नाहीं. मागणी बरोबर असून नोंदच नसेल तर २०४, मागणी चुकीची असेल तर ४००, ओळ फार लांब झाली तर ४१४, असे उत्तराचे क्रमांकहि ठरलेले आहेत. आणि यादी फारच मोठी असेल तर ती पत्त्याच्या ओळींत न कोंबतां आंतील मजकुरांत, एका ओळीवर एक केंद्र अशी मांडून, पाठविण्याची वेगळी सोय आहे. ह्या नियमांत कोठेंहि मोठी बुद्धिमत्ता दिसत नाहीं. दिसतो तो समंजसपणा. आपल्या क्षेत्रांतील मूल्यें कशीं आहेत हें पाहून त्यांनीं एक रीत निवडली, ती लिहून काढली, आणि अनेक संग्रहांनीं ती मानली.

ह्या शेवटच्या सोयीविषयीं सुशिक्षित कुटुंबांनीं दोन शब्द लक्षांत ठेवावे. पत्त्याच्या ओळींत मागणी लिहिणें हें पोस्टकार्डावर लिहिण्यासारखें आहे, आणि आंतील मजकुरांत लिहिणें हें पाकिटांत घालण्यासारखें. आजकाल वाटेंतील प्रवास बहुधा कुलूपबंद असतो, त्यामुळें वाटेवरचा परका मनुष्य पत्त्याची पूर्ण ओळ सहसा वाचूं शकत नाहीं, हें खरें. परंतु तीच ओळ घरच्या ब्राउझरच्या इतिहासांत राहते, पलीकडील सर्व्हरच्या रोजनाम्यांत राहते, आणि कोणी ती नकलून मित्रास पाठविली तर तिच्यांतील सारी यादी त्या मित्रापुढें उघडी होते. चार पुस्तकांच्या नांवांची यादी अशी गेली तर बिघडत नाहीं. घरांतील आजाऱ्याच्या औषधांची यादी गेली तर बिघडतें. तेव्हां पडद्यावरचा पत्ता दुसऱ्यास पाठविण्यापूर्वीं प्रश्नचिन्हापुढें काय लिहिलें आहे तें एकदां पाहण्याची संवय असावी. पोस्टकार्ड पेटींत टाकण्यापूर्वीं तें पुन्हां वाचून पाहण्याची जुनी संवय होती, तिचेंच हें नवें रूप आहे.

ज्या तरुणांस असलीं यंत्रें बोलतीं करावयाचीं आहेत, त्यांस ह्या सर्व विवेचनांतून तीन गोष्टी घेतां येतील. रीत कोणतीहि निवडा, पण ती लिहून ठेवा. वाचणाऱ्यास अनुमान करावयास लावूं नका. तोडणें आधीं आणि उलगडणें मागाहून. आणि तिसरी, जी शाळेंतल्या मुलासहि समजते: जितकीं मागितलीं तितकीं आलीं कीं नाहीं, तें मोजा. सहलीहून परत येतांना गाडी सुटण्यापूर्वीं गुरुजी मुलें मोजतात. चाळीस मुलें नेलीं आणि एकोणचाळीस बसलीं, तर गाडी थांबते. बसलेलीं सर्व मुलें आपलींच आहेत, आनंदांत आहेत, म्हणून कोणी निघत नाहीं. यंत्रास तीन दिशा मागितल्या आणि एकच आली, तर ती एक कितीहि स्वच्छ असो, गाडी थांबविली पाहिजे. मागणी करणारा प्रोग्रॅम लिहितांना ह्या मोजणीस एक-दोन ओळी लागतात. त्या बहुधा कंटाळ्यानें गाळल्या जातात.

कोयनेची जमीन अद्याप शांत झालेली नाहीं. १९६७ नंतरहि त्या परिसरांत लहानमोठे धक्के बसत आले आहेत, आणि जलाशयाच्या पाण्याशीं त्यांचा संबंध असल्याचें शास्त्रज्ञ मानतात. त्याचा अभ्यास करण्यासाठीं भारत सरकारच्या पृथ्वीविज्ञान मंत्रालयानें कऱ्हाड येथें प्रयोगशाळा स्थापिली, आणि गोठणे येथें सुमारे ३ किलोमीटर खोल छिद्र २०१७ सालीं पुरें झालें. पोफळीच्या वीजगृहांत पाणी पडतच आहे, जनित्रें फिरतच आहेत, आणि घाटाच्या वर-खालीं गांवें नांदत आहेत. ह्या सर्वांच्या सुरक्षिततेचा हिशेब पुढें जे कोणी मांडतील ते आपले आंकडे दूरच्या संग्रहांतून अशाच एका ओळीनें मागवितील. त्या काळोख्या पहाटे भिंतीच्या पोटांतील यंत्रानें एकहि दिशा गाळली नव्हती. मागणाऱ्याच्या एका स्वल्पविरामानें ती गाळली जाऊं नये, इतकी काळजी मागें राहिलेल्यांनीं घ्यावयास हवी.